नखाखालचा गूळ

आमच्या घरात माणसाला काही विचारायची पद्धतच नव्हती. जे काय विचारायचं ते म्हसोबाला. विहीर खोल करायची का? म्हसोबाला विचारा. म्हैस विकायची का? म्हसोबाला विचारा. एकदा आमच्या मालकांची दाढ ठणकत होती, तर ती उपटायची का ठेवायची हेसुद्धा त्या बिचाऱ्याला विचारलं होतं. आता दगड काय सांगणार? त्याला दाढ आहे का?

हे मी आता बोलते. दोन वर्षांपूर्वी असं काही तोंडातून निघालं असतं तर मीच माझ्या थोबाडीत मारून घेतलं असतं.

मखमलाबादच्या अंगाला आमचा तीन एकर मळा आहे. आम्ही माळी. फुलं करतो, मधल्या सऱ्यांमध्ये मेथी-कोथिंबीर करतो, आणि सकाळी सगळं नाशिकच्या बाजारात जातं. मळ्याच्या बांधावर, पाटाच्या कडेला पांढऱ्या कण्हेरीखाली म्हसोबा आहे. गुडघ्याएवढा उभा दगड, अंगावर पिढ्यान् पिढ्यांचा शेंदूर. कौल लावायचा म्हणजे कण्हेरीच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवायच्या, एक देवाच्या उजव्या अंगाला चिकटवायची, एक डाव्या. घरातल्या कर्त्या पुरुषानं प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. संपलं. मग त्यावर कुणी ब्र काढायचा नाही.

पाकळ्या चिकटवायला हात मात्र सुनेचा लागतो, अंघोळ करून ओलेत्यानं आलेल्या. पुरुषाचा हात चालत नाही, त्याच्या मनात काहीतरी असतं. लेकीचा चालत नाही, ती उद्या दुसऱ्या घरची. सून काय, परक्या घरून आलेली. तिच्या मनात काय असणार? तिला काय पाहिजे असणार? म्हणून तिचा हात निर्मळ. अठ्ठ्याहत्तर साली मी लग्न होऊन आले आणि पहिल्याच रविवारी सासूबाईंनी, म्हणजे चिमणाबाईंनी, माझ्या ओंजळीत पाकळ्या ठेवल्या. मला वाटलं, बाई बाई, केवढा हा मान! मान कसला डोंबलाचा. जिच्या मनात काही नाही असं सगळ्यांनी धरून चाललंय, तिचा तो मान.

दहा वर्षं मी अगदी देवाला भिऊन पाकळ्या लावल्या. मग लुनाचं झालं.

आमच्या मालकांना लुना घ्यायची होती. पुंजा नाव त्यांचं. पूर्वी मी घेत नव्हते, आता घेते. फुलांच्या पाट्या सायकलवर नेऊन त्यांची कंबर धरायची, म्हणून जुनी का होईना, लुना पाहिजे होती. रविवारी कौल लावला. मी नैवेद्याचा गूळ फोडून आले होते आणि हात नीट धुतला नव्हता. उजव्या हाताच्या बोटाला गूळ होता, तो उजव्या पाकळीला लागला. डावी टपकन पडली. उजवी चिकटली ती चिकटली. लुना नाही! मालक दोन दिवस जेवले नाहीत. देवानं नाही म्हटलं याचं दुःख वेगळं आणि कंबरेचं वेगळं.

मी मात्र तिसऱ्या दिवशी बोटाकडं बघत बसले. म्हटलं, सिंधू, ही लुना म्हसोबानं अडवली का तू?

भीती वाटली. खोटं नाही सांगत, चार रात्री झोप नाही. देव आता आंधळं करील, लुळं करील असं वाटत होतं. काहीच झालं नाही. उलट म्हैस व्याली आणि रेडी झाली.

नव्वद साली आमची तृप्ती चौथी पास झाली. एकुलती एक पोर. पाचवीला पंचवटीच्या शाळेत घालायची का घरी ठेवायची, असा प्रश्न निघाला. घरी कशाला, तर आजीला सोबत. मी त्या दिवशी पहिल्यांदा मुद्दाम गूळ घेतला. मुगाएवढा, डाव्या हाताच्या अंगठ्याच्या नखाखाली. डावी पाकळी चिकटली, उजवी पडली, पोरगी शाळेत गेली. मी ओल्या लुगड्यात थरथरत होते. सगळ्यांना वाटलं थंडी.

त्यानंतर मग मी काय ऐकते! टोमॅटो काढून गुलाब लावले, ते मी. टीव्ही आला, तो मी. पंच्याण्णव साली बंगलेवाला मळा मागत होता आणि मालक निम्मे पाघळले होते, तिथं डावी पाडली ती मी. लुनासुद्धा शेवटी मीच आणली, एक्क्याण्णव साली, कारण मला त्यांची कंबर बघवेना. सगळं घर माझ्या नखाखालून चालत होतं आणि तोंडानं मी कधी एक गवारीची शेंगसुद्धा जिंकली नव्हती. कुणी म्हटलं, सिंधूबाईंना विचारा, तर मालक म्हणायचे, तिला काय कळतंय. मी आपली मान खाली घालून हसायची. मजा यायची हो! चुलीपुढं बसून एकटीच हसायची मी. देवाचं नाव, डोकं माझं.

आता दोन हजार दोन सालच्या फेब्रुवारीतलं सांगते. तृप्ती बावीस वर्षांची झाली होती, बीएस्सी होऊन घरी बसली होती. लासलगावचं स्थळ आलं. मुलगा दिनेश, घरचं कांद्याचं काम, मार्केट यार्डात वडिलांबरोबर जायचा. बघायला येऊन गेले, पोहे झाले, त्यांचा होकार आला. आमच्या मालकांना, म्हणजे तृप्तीच्या नानांना, पसंत, सासूबाईंना पसंत. रविवारी सकाळी कौल लावायचा आणि संध्याकाळी लासलगावला फोन करून उत्तर द्यायचं असं ठरलं.

माझं आधीच ठरलं होतं. नाही पाडायचं. एवढी शिकवलेली पोर, ती काय कांद्याच्या धुळीत घालायची? उजव्या नखात गूळ, डावी पाकळी खाली, विषय संपला.

शनिवारी दुपारी मी ओट्यावर शेवंतीचे हार ओवत होते. तृप्ती शेजारी फुलं निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आई, उद्या गूळ कुठल्या बाजूला लावणारेस?"

सुई माझ्या बोटात गेली.

"कसला गूळ?"

"तोच. नखातला."

सासूबाई आत घोरत होत्या, तरी मी दार ओढून घेतलं. म्हटलं, "हळू बोल, कार्टे. तुला कुणी सांगितलं?"

"मुंग्यांनी," ती म्हणाली. "दर रविवारी संध्याकाळी देवाचा ओटा मीच झाडते ना. ज्या दिवशी कौल लागतो त्या दिवशी देवाला मुंग्या लागतात. आणि न पडलेल्या पाकळीच्याच जागी लागतात, पडलेलीच्या जागी एक नाही. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा मी बोट लावलं आणि जिभेवर ठेवून बघितलं."

"शेंदूर खाल्लास? अगं भवाने, विषारी असतो तो!"

"आई, मुद्दा शेंदराचा नाहीये."

"कधी झालं हे?"

"नववीत."

मी हिशोब लावला. नववी म्हणजे सात-आठ वर्षं. सात-आठ वर्षं ही पोर देवाच्या ओट्यापाशी उभी राहून माझे हात बघत होती आणि मी समजत होते की जगात एक मी आणि एक म्हसोबा, दोघांनाच ठाऊक. माझ्या कानातून वाफा निघायला लागल्या. लाज, दुसरं काय.

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटायचं तू विचारशील," ती म्हणाली. "दहावीनंतर सायन्सचा कौल लावला तेव्हा मी तुझ्यासमोरच उभी होते. म्हटलं, आता आई माझ्याकडे बघेल. नुसती मान हलवून विचारेल, काय गं, पाडू का? तू बघितलंच नाहीस. मला चित्रकलेच्या मास्तरणीचा कोर्स करायचा होता."

मला आठवलं. ही पोर फुलांच्या पाट्यांवर, वर्तमानपत्राच्या कडांना, सगळीकडे फुलं काढायची. मी म्हणायची, छान छान, आता अभ्यास कर. बारावीच्या सहामाहीत फिजिक्समध्ये नापास झाली तेव्हा तीन दिवस पाटाच्या कडेला जाऊन बसत होती आणि मी म्हटलं होतं, रडतेस काय, देवानंच दिलंय ते, होईल पास.

देवानं. मी म्हटलं होतं असं. माझ्या या तोंडानं.

"तुझ्या भल्यासाठी केलं," मी म्हटलं.

"माहितीये."

"शाळेत गेलीस ती माझ्या गुळामुळं."

"तेही माहितीये, आई. म्हणून तर रागावता येत नाही तुझ्यावर. त्याचाच राग येतो."

हे असलं बोलणं! हो म्हण नाहीतर नाही म्हण. मी हार बाजूला ठेवला आणि म्हटलं, "बरं बाई, चुकलं. आता विचारते. सांग, काय पाडू? मी नाहीच पाडणार होते."

"तू परस्पर ठरवलंस पण?"

"मग हो पाहिजे का तुला?"

"मला माहीत नाही."

आता मात्र माझं डोकं फिरलं. "माहीत नाही? एवढं पुराण सांगितलंस, मुंग्या काय, शेंदूर काय, आणि माहीत नाही? मग माझा जीव कशाला खातेस?"

ती ओशाळली. शेवंतीचं एक फूल कुस्करत म्हणाली, "त्या दिवशी पोह्यांच्या वेळी तुम्ही आत गेलात ना, तेव्हा त्यानं मला विचारलं, तुम्हाला काय आवडतं? मला काही सुचेचना. तर तो म्हणाला, सावकाश सांगा, मला पण माझं नक्की माहीत नाही. मला हसू आलं. बस, एवढंच झालं. मला त्याच्याशी अजून चारदा बोलायचंय. मग मी सांगेन, हो का नाही."

"बोलू देतंय कोण? उद्या फोन करायचाय."

"म्हणून तर म्हणते. उद्या तू सगळ्यांसमोर म्हण, कौल नको, पोरीला विचारा."

"मी? तूच म्हण की."

"मी म्हणणारच आहे. पण मी एकटीनं म्हटलं तर नाना म्हणतील, कॉलेजनं शेफारली. तू माझ्या बाजूनं उभी राहा. गूळ लावून नाही. तोंडानं."

तोंडानं! जसं काही तोंड म्हणजे मी कोनाड्यात ठेवलेलं भांडं, काढलं आणि वापरलं. चोवीस वर्षं मी त्या तोंडानं "हो", "आले" आणि "वाढू का" याच्यापलीकडे काय बोलले होते? आणि बोलले आणि उद्या मालक म्हणाले, कौल का नको, तर काय सांगू? गूळ दाखवू? मग गुलाब, टीव्ही, मळा, सगळंच उकरून निघणार. माझा हात गेला की माझ्याकडं राहिलं काय? रात्रभर मी या कुशीवरून त्या कुशीवर. पोरीचं खरं वाटायचं, मग माझंही खरं वाटायचं, आणि दोन्ही खरं कसं असेल या विचारानं परत डोळे टक्क उघडे.

रविवारी सकाळी नऊ वाजता सगळे बांधावर जमलो. मालक स्वच्छ टोपी घालून. सासूबाई काठी टेकत. तृप्ती कण्हेरीला टेकून, माझ्याकडं बघत. मी अंघोळ करून ओल्या लुगड्यानं आले आणि आता बोलते, आता बोलते, असं करत पार देवापाशी पोचले. तोंड उघडलंच नाही. तृप्ती म्हणाली, "नाना, मला काही बोलायचंय."

"मग बोल," मालक म्हणाले. "आधी देवाचं होऊ दे." आणि हात जोडून प्रश्न घातला, "म्हसोबाराया, लासलगावचं स्थळ पत्करायचं असंल तर उजवी दे, नसंल तर डावी दे."

पोरीनं माझ्याकडं बघितलं. मी नजर चुकवली.

आणि मला वाटलं, मला सुचलं! हो पाडलं तर पोर चिडेल, नाही पाडलं तर पोर चिडेल. मग काहीच पाडायचं नाही. गूळ मी दोन्ही नखांत घेऊन आले होते, रात्री काही ठरलंच नव्हतं ना. दोन्ही पाकळ्यांखाली लावला. चांगला दाबून लावला. म्हटलं, न तोंड उघडता काम झालं. सिंधू, तुझ्यासारखी तूच.

पाकळ्या काही पडेनात.

दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मालक आधी हात जोडून उभे होते, मग नुसते उभे राहिले, मग तंबाखू काढली. नियम असा की पाकळी पडेपर्यंत कुणी हलायचं नाही. दहा वाजले. सासूबाई बांधावर बसल्या. माझं लुगडं अंगावरच वाळलं. मालक म्हणाले, "आज लयच विचारात पडलाय देव." साडेदहाला म्हणाले, "पाणी कमी लावलं का गं?" मी म्हटलं, नाही हो. अकराला विहिरीच्या मोटारीची लाईट आली, पलीकडच्या मळ्यातली मोटार सुरू झाल्याचा आवाज आला. लाईट एकला जायची, गुलाब तहानलेले, आणि मालक त्या दगडासमोर अडकून पडलेले. एकदा मोटारीकडं बघायचे, एकदा देवाकडं. बापाच्या काळापासून असं कधी झालं नव्हतं. ना हो, ना नाही. त्यांचा चेहरा असा झाला होता की मला पोटातून हसू यायला लागलं आणि त्याच वेळी रडूही.

तृप्तीला कळलं होतं. ती माझ्या हातांकडं बघत होती आणि तिचे डोळे भरले होते. रागानं का कशानं, मला आजही सांगता येणार नाही.

मग सासूबाई उठल्या. ऐंशीच्या घरातली बाई, मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. "पाया पडू द्या मला," म्हणत देवापाशी आल्या, वाकल्या, पार नाक टेकेपर्यंत वाकल्या. आणि तशाच थांबल्या. मी बघितलं, मुंग्यांची रांग वर चढत होती. वर गेल्यावर तिला दोन फाटे फुटले होते, एक उजवीकडं, एक डावीकडं.

सासूबाईंनी माझं मनगट धरलं आणि अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "दोन्हीकडं व्हय गं, सिंधे? आम्ही एकाच बाजूला लावायचो."

मी त्यांच्या कानाशी वाकले.

"तुम्ही?"

"गूळ सासूच्या कुलपात असायचा. मी मधाचं बोट लावायची. पोळं होतं पलीकडच्या उंबरावर."

"म्हणजे माझं तुम्हाला माहीत होतं?"

"लुनापासनं. बरं पाडायचीस, मग कशाला बोलू?" बोळकं पसरून हसल्या. मग माझ्या हातावर थोपटत, लाडात आल्यावर माणूस जसं गुपित सांगतं तसं म्हणाल्या, "तू या घरात आलीस ना, तो कौल मीच पाडला. माझा शेवटचा. तुझे सासरे म्हसरूळची पोरगी करा म्हणत हुते. मला तू आवडलीस. तुझ्या नजरेत धार हुती."

इतक्या मायेनं सांगितलं हो त्यांनी. लाडू हातावर ठेवावा तसं.

आणि मी? अठ्ठ्याहत्तर साली मी दहावीत होते. मनमाडला रेल्वेच्या दवाखान्यात माझी मावशी आया होती. तिनं सांगितलं होतं, सिंधे, दहावी हो, तुला नर्सिंगला घालते. मी पांढरे बूट घातलेली स्वतःला किती वेळा बघितली होती! मार्चमध्ये परीक्षा, आणि फेब्रुवारीत मखमलाबादच्या म्हसोबानं उजवी दिली म्हणून माझं लग्न झालं. मी रडले नाही. देवाचंच आलं म्हटल्यावर काय रडायचं? देवावर राग धरता येत नाही, म्हणून मी कधी धरला नाही. चोवीस वर्षं नाही. आणि आता ही म्हातारी सांगते की तिथं देव नव्हताच. मधाचं बोट होतं.

"मला विचारलं होतं का?" मी ओरडले.

कण्हेरीतले पक्षी उडाले. मालकांच्या हातातली तंबाखू सांडली.

"काय झालं गं?" मालक म्हणाले.

"मला विचारलं होतं का, आत्याबाई? यायचंय का म्हणून?"

सासूबाई भांबावून गेल्या. "कुणी विचारतं का गं असं पोरीला? तुझं भलंच झालं की."

तुझं भलंच झालं की. मी मान वळवली तर समोर तृप्ती. काल दुपारी ओट्यावर मी तिला हेच सांगितलं होतं, याच सुरात, याच मायेनं. म्हातारीवर एवढी भडकलेली मी, मीच ती म्हातारी होते.

पुढं काय केलं ते मी ठरवून केलं नाही. तळहातानं दोन्ही पाकळ्या पुसून काढल्या, मुंग्यांसकट. मालक "अगं, अगं" करत धावले. मी दोन्ही हात त्यांच्या तोंडापुढं धरले.

"हा गूळ," मी म्हटलं. "जिच्याखाली लावते ती पडत नाही. देव विचारात बिचारात पडलेला नाही. बारा वर्षं झाली. शाळा मी पाडली, गुलाब मी पाडले, मळा विकू दिला नाही तो मी. आता पुरे झालं. तिला विचारा. तृप्तीला विचारा. माझ्या नखाला विचारू नका."

मालक माझ्या नखांकडं बघत राहिले. मग म्हणाले, "लुना?"

"पहिल्यांदा चुकून," मी म्हटलं. "नंतर आणली ती मुद्दाम."

"माझी लुना," ते म्हणाले, आणि बांधावर मटकन बसले. एवढ्या सगळ्यातून त्या माणसाला लुनाच सापडली.

सासूबाईंनीच शेवटी काठी आपटली. "विचार की रं पोरीला. लाईट जाईल."

त्यांनी तृप्तीकडं बघितलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा बघावं तसं. "बोल. काय म्हणणं हाय तुझं?"

"मला अजून माहीत नाही, नाना," तृप्ती म्हणाली. नजर खाली नव्हती. "महिनाभर द्या. मला त्याच्याशी बोलायचंय."

"माहीत नाही? मग फोनवर काय सांगू?"

"हेच सांगा."

संध्याकाळी त्यांनी खरंच तेच सांगितलं. रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून म्हणाले, "आमच्या मुलीला अजून माहीत नाही." पलीकडचे काय म्हणाले ते आम्हाला सांगितलं नाही. आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ताटात वाढलं की जेवायचे, आणि जेवता जेवता मध्येच थांबून माझ्या हातांकडं बघायचे. किती गोष्टी मोजत असतील मनात!

तृप्ती दिनेशला चारदा नाही, सहादा भेटली. कॉलेज रोडला, उजेडात, आजीला सांगून. आणि एक दिवस येऊन म्हणाली, हो.

हो! मला मेलीला नाहीच पाहिजे होतं. मी गूळ लावला असता तर नाहीच झालं असतं. आता ती लासलगावात आहे, दुपारी गल्लीतल्या पोरांना चित्रं काढायला शिकवते, नवऱ्याशी भांडते, कांद्याच्या हंगामात घरभर धूळ म्हणून वैतागते. मी फोनवर विचारते, सुखी आहेस ना गं? ती म्हणते, बहुतेक. हे काय उत्तर झालं? मी रिसीव्हर ठेवते आणि बराच वेळ मला कळत नाही, माझं बरोबर होतं का तिचं. मधल्या काळात सासूबाई गेल्या. जाईपर्यंत मला म्हणायच्या, "तुला विचारलं असतं तर तू आली असतीस का गं?" मी म्हणायची, "नसते आले." मग त्या माझा हात धरून ठेवायच्या. त्या गेल्या तेव्हा मी जितकी रडले तितकी माझ्या आईलाही रडले नव्हते. आता याचा अर्थ तुम्हीच लावा, मला लागत नाही.

मागच्या रविवारची गोष्ट. गुलाब जुने झालेत, उपटायचेत. मालक बांधावर म्हसोबाला नारळ ठेवून आले. पाकळ्या नाही तोडल्या त्यांनी. माझ्यापाशी येऊन उभे राहिले, टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. मग म्हणाले, "गुलाब काढून तिथं काय लावायचं गं? शेवंती, का ते नवीन जरबेरा? तुला काय वाटतं?"

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

माझं बोट आपोआप अंगठ्याच्या नखावर फिरलं. नख रिकामं होतं. मी तोंड उघडलं आणि आत काही नव्हतं. शेवंती म्हणावं तर ती त्यांना आवडते म्हणून का? जरबेरा म्हणावं तर तो शेजारच्यांनी लावलाय म्हणून का? मला काय आवडतं? अख्खं घर चालवलं मी, पण कुणी सरळ विचारल्यावर उत्तर द्यायचं कसं, ते मला कधी लागलंच नव्हतं.

"मला अजून माहीत नाही हो," मी म्हटलं.

मोटारीची लाईट आली होती. पलीकडच्या मळ्यात पाणी सुरू झालं होतं.

"बसतो मग," ते म्हणाले, आणि बांधावर माझ्याशेजारी बसले.